आजीचा दाखला : बेने इस्रायल आणि कागद मागणारे कायदे

धागा. ‘भारताने ज्यूंना दोन हजार वर्षे सांभाळले आणि १९४८ नंतर ते आनंदाने मायदेशी परतले’ हे वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. ते ऐकायला गोड आहे. मात्र इतिहास म्हणून ते अर्धवट आहे, आणि गाळलेला अर्धा भागच अधिक बोलका आहे.

बेने इस्रायल ही जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील मराठीभाषक ज्यू जमात. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, ही त्यांची मूळकथा. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर : आडनाव हीच त्यांची ओळख. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणहून पोटासाठी मुंबईला उतरणाऱ्या माणसाची ओळखही त्याचे गावच सांगे. ‘तुझ्या आजीचा विवाह कोणत्या विधीने झाला?’ असे त्याला कुणी विचारले नाही.

इस्रायलने मात्र विचारले.

५ जुलै १९५० रोजी तेथे ‘परतीचा कायदा’ संमत झाला. प्रत्येक ज्यूला येऊन वसण्याचा हक्क मिळाला आणि १९५२च्या कायद्याने नागरिकत्वाचाही मार्ग मोकळा झाला. तरीही १९५१-५२मध्येच काही बेने इस्रायलींनी भेदभावाच्या तक्रारी मांडत धरणे धरले व भारतात परत पाठवण्याची मागणी केली. शंभराहून अधिक जण परतलेही. त्यांतील अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलची वाट धरली. ‘आनंदाने परतले’ या वाक्यात हे हेलपाटे कुठे बसतात?

खरा पेच विवाहाचा होता. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नाही. ज्यूंचा विवाह रब्बींच्या अखत्यारीत येतो. प्रमुख रब्बींच्या मंडळाने १९६१मध्ये बेने इस्रायलींशी विवाहास तत्त्वतः संमती दिली. पुढच्याच वर्षी मात्र नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या : वधू किंवा वर बेने इस्रायल असेल तर आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासा, पूर्वजांत कुणी घटस्फोटानंतर पुन्हा विवाह केला होता काय, तेही पाहा.

रब्बींच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे की, ही जमात ज्यू आहे हे मंडळाने नाकारले नव्हते. शंका होती ती घटस्फोटाचे आणि विधवेच्या पुनर्विवाहाचे ज्यू धर्मशास्त्रीय नियम कोकणात पाळले गेले की नाही, याची. परंतु कोकणातील शेजाऱ्यांप्रमाणे बेने इस्रायलींतही घटस्फोट विरळा होता आणि विधवाविवाह नापसंत होता. जे क्वचितच घडले त्याचा पुरावा कोण जपून ठेवणार? आणि पणजीच्या लग्नाचा लेख कोणत्या दप्तरात सापडणार? दप्तरात नोंद नाही म्हणून घटना संशयास्पद ठरवणे ही इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही न शोभणारी चूक आहे. येथे तर तिच्या आधारे माणसांची लग्ने अडली. शिवाय शंका शास्त्राची होती, तर सूचनांत एकाच जमातीचे नाव का?

या प्रश्नाला टाळता न येणारे उत्तर १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममधील धरण्याने मागितले. १७ ऑगस्ट रोजी क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि वैयक्तिक कायद्यासह सर्व बाबतींत त्यांचे हक्क समान आहेत, अशी भूमिका घेतली. त्याच महिनाअखेर रब्बींच्या सूचनांतून जमातीचे नाव वगळले गेले. त्याऐवजी, ज्यांच्या कुलाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी, असा शब्दप्रयोग आला. एक नाव खोडण्यास संसदेला मध्ये पडावे लागले.

म्हणून कोकणाला देव्हाऱ्यात बसवण्याचेही कारण नाही. खुद्द या जमातीत ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. कुळ तपासण्याची हौस केवळ जेरुसलेमची नव्हती.

भारताचा कायदाही भावनेवर चालत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारताचे संपते. २००५नंतर ओसीआय कार्ड आले आणि २०१५मध्ये पीआयओ कार्ड त्यात विलीन झाले. पण त्यासाठी इस्रायलमध्ये जन्मलेल्या नातवाला भारतीय आजोबांचे किंवा आजीचे कागद दाखवावे लागतात. पुन्हा आजीच! बरे, कार्ड मिळाले तरी ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेने ओसीआयधारकाला भारतात संशोधन करण्यासाठी विशेष परवानगी घेणे आवश्यक केले आहे. नवगावच्या त्या सात जोडप्यांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या बेने इस्रायल नातवालाही ती लागेल.