ध्यान घेतले, शील राहिले

एक बेदाणा तळहातावर घ्यायचा. आयुष्यात पहिल्यांदाच पाहत आहोत असे समजून तो न्याहाळायचा. सुरकुत्या, त्यावर पडलेला उजेड, बोटांना लागणारा चिकटपणा, वास. मग तो जिभेवर ठेवायचा, पण लगेच चावायचा नाही. या साऱ्याला पाच-दहा मिनिटे लागतात. गेल्या चार दशकांत अमेरिका आणि ब्रिटनमधल्या असंख्य माणसांची बुद्धाच्या शिकवणीशी पहिली ओळख अशी एका बेदाण्यापासून झाली. त्यांतल्या अनेकांना ही शिकवण बुद्धाची आहे, हे कोणी सांगितलेही नाही.

न सांगण्यामागे विचार होता. १९७९ साली जॉन कबाट-झिन या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तणावनिवारणाचा वर्ग सुरू केला. त्याच्याकडे येणारे रुग्ण वर्षानुवर्षे पाठ, मान, डोके दुखत असलेले होते. डॉक्टरांकडे त्यांच्यासाठी फारसे काही उरले नव्हते. आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम, आठवड्यातून एक वर्ग आणि घरी रोज पाऊण तास सराव. मूर्ती नाही, उदबत्ती नाही, पाली शब्द नाहीत. कोणत्याही धर्माच्या, किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या रुग्णाला परके वाटू नये, एवढाच हेतू होता.

मुळे मात्र स्पष्ट होती. ज्याला आज ‘माइंडफुलनेस’ म्हणतात तो मूळ पाली शब्द ‘सति’, म्हणजे सजगता, भान. त्याला हा इंग्रजी प्रतिशब्द १८८१ मध्ये पाली अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी दिला. पद्धत आली ती झेन परंपरेतून आणि ब्रह्मदेशातल्या विपश्यनेतून. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले. त्यांच्या बोधगयेतल्या शिबिरांत जी अमेरिकी तरुण मंडळी बसली, त्यांतल्या काहींनी पुढे वूस्टरपासून जवळच, बॅरी या गावी ध्यानकेंद्र उभारण्यात भाग घेतला. कबाट-झिन तिथे शिबिराला बसत असत आणि रुग्णालयातल्या वर्गाची कल्पना त्यांना तिथेच सुचली. गोएंकांनी इगतपुरीला धम्मगिरी सुरू केली तीही याच काळात, १९७६ मध्ये. इगतपुरी आणि वूस्टर यांच्यातले अंतर म्हणूनच नकाशावर दिसते तितके नाही.

रुग्णालयात ही पद्धत का चालली, याचे उत्तर एका जुन्या दृष्टान्तात आहे. संयुत्त निकायातल्या एका सुत्तात बुद्ध सांगतात, की अजाण माणसाला दुखले म्हणजे दोन बाण लागतात. पहिला बाण देहाच्या वेदनेचा. दुसरा तो स्वतःच मारून घेतो: ‘हे कधी थांबणार’, ‘माझ्याच वाट्याला का’ या चरफडीचा. पहिला बाण नेहमी टाळता येत नाही, दुसरा टाळता येतो. जुनाट वेदनेच्या रुग्णाला सजगता शिकवणे म्हणजे हा दुसरा बाण ओळखायला शिकवणे. नैराश्यातही हेच घडते. एकदा नैराश्यातून गेलेल्या माणसाच्या मनात साधी खिन्नता आली, तरी जुन्या विचारांचा गाडा आपसूक चालू होतो आणि आजार उलटतो. विचार हा केवळ विचार आहे, ते वास्तव नव्हे, हे वेळीच दिसले तर गाडा थांबवता येतो.

हा केवळ विश्वासाचा भाग राहिला नाही, हे पाश्चात्त्यांचे श्रेय. त्यांनी मोजून पाहिले. सिगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी नैराश्यासाठी या पद्धतीला उपचाराचे रूप दिले. २००० साली त्यांचे पहिले मोठे निष्कर्ष आले आणि वारंवार नैराश्य उलटणाऱ्यांसाठी ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक तत्त्वांत २००४ पासून त्याला जागा मिळाली. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत ४२४ रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला ध्यानाधारित उपचार देऊन गोळ्या हळूहळू कमी करायला मदत केली, दुसऱ्याच्या गोळ्या चालू ठेवल्या. दोन वर्षांत पहिल्या गटात ४४ टक्के आणि दुसऱ्यात ४७ टक्के रुग्णांचा आजार उलटला. ध्यान गोळ्यांपेक्षा सरस ठरले नाही, पण त्यांच्या बरोबरीने टिकले. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम ते अल्प सुधारणा, मात्र व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान वरचढ असल्याचा पुरावा नाही, असे त्याचे सार होते. चमत्कार नाही, पण कामाचे औषध आहे.

अडचण सुरू झाली ती हे औषध रुग्णालयाच्या दाराबाहेर पडल्यावर. कंपन्या, शाळा, सैन्य, मोबाइलमधली ॲप्स, सगळीकडे सजगता पोहोचली. आणि इथले आकडे वेगळे बोलू लागले. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या ‘मिरियड’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्गात सजगता शिकवल्याने, नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या तुलनेत, मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक पडला नव्हता. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. तणावनियमन, सजगता, ॲप अशा वैयक्तिक ‘कल्याण’ योजनांत भाग घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा सुखी आढळले नाहीत.

यात नवल नाही. चार आर्यसत्यांची तुलना वैद्याच्या कामाशी फार पूर्वीपासून केली जाते: आजार आहे, त्याला कारण आहे, तो बरा होऊ शकतो, हा उपचार. यातली दुसरी पायरी, कारणाचा शोध, गाळून कोणी उपचार केला तर त्याला वैद्य म्हणता येत नाही. कामाचे तास अमानुष असतील, नोकरीची शाश्वती नसेल, वरिष्ठ अपमान करत असेल, तर ताणाचे कारण कर्मचाऱ्याच्या श्वासात नाही. पहिला बाण मारणारा समोर उभा असताना फक्त दुसऱ्या बाणाबद्दल बोलणे ही त्याची सोय झाली. अमेरिकेतले व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ मध्ये या बाजारावरच्या आपल्या पुस्तकाला हॅम्बर्गरच्या साखळीवरून आलेले ‘मॅकमाइंडफुलनेस’ असे नाव दिले. ते टोचते, पण चुकीचे नाही.

याहून गंभीर गोष्ट मात्र वेगळ्याच प्रयोगांतून पुढे आली. अँड्र्यू हॅफेनब्रॅक आणि सहकाऱ्यांनी आठ प्रयोगांत चौदाशेहून अधिक लोकांकडून पाहिले, की श्वासावर थोडा वेळ लक्ष दिले की अपराधीपणाची भावना कमी होते. ऐकायला चांगले वाटते. पण त्याबरोबर ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करण्याची इच्छाही कमी झाली. मैत्री भावना, म्हणजे इतरांचे भले चिंतणारे ध्यान, करणाऱ्यांमध्ये ती इच्छा तुलनेने अधिक होती. बफेलो विद्यापीठातल्या मायकेल पोलिन यांच्या अभ्यासातही असेच दिसले. जे स्वतःला इतरांशी जोडलेले मानतात, ते सजगतेच्या सरावानंतर दुसऱ्यासाठी जास्त राबले. जे स्वतःला स्वतंत्र, सुटे मानतात, ते कमी राबले.

म्हणजे सजगता हा दिवा आहे. तो लावल्यावर माणूस कुठे चालेल हे दिवा ठरवत नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती सातवी आहे. तिच्याआधी सम्यक वाणी, सम्यक कर्म आणि सम्यक आजीविका येतात. गोएंकांच्या दहा दिवसांच्या शिबिरात डोळे मिटण्याआधी पंचशील घ्यावे लागते आणि शेवट मैत्री भावनेने होतो. ही प्रास्ताविके आणि समारोप नव्हेत, उपचाराचाच भाग आहेत, असे आता प्रयोगशाळाही सुचवू लागली आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. डॉक्टर गोळी देतो, नीती देत नाही. रुग्णाला शील शिकवणे हे औषधशास्त्राचे काम नव्हे. कबाट-झिन यांचे उत्तर असे, की रुग्णालयात नीती आधीच हजर असते: इजा करू नये ही वैद्यकाची शपथ, आणि शिकवणाऱ्याचे वागणे. हे उत्तर रुग्णालयापुरते पूर्ण बरोबर आहे. तिथे ध्यान उघड्यावर बसले नाही, वैद्यकाच्या शीलावर बसले. पण कंपनीच्या सभागृहात, वर्गणी गोळा करणाऱ्या ॲपमध्ये किंवा लष्करी तळावर ती शपथ कोणी घेतलेली असते? तिथे ध्यान रिकाम्या जागेवर बसते आणि जागेच्या मालकाचे काम करते.

इजा करू नये हे तत्त्व साध्या गोष्टींतही लागते. ध्यान सर्वांना मानवते असे नाही. ब्राऊन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन यांनी ध्यानातून भीती, निद्रानाश, स्वतःपासून तुटल्याची भावना अनुभवलेल्या साधकांच्या नोंदी जमवल्या आहेत. जुना मानसिक आघात किंवा मनोविकार असलेल्याने प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच ध्यान करावे आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. दवाखान्यात हे विचारले जाते; ॲप सहसा विचारत नाही.

पाश्चात्त्य जगात दुसरी वाटही होती आणि आहे. व्हिएतनामी भिक्खू तिक न्यात हान्ह १९६६ मध्ये युद्ध थांबवण्याची विनंती करायला अमेरिकेत गेले आणि त्यामुळे दशकानुदशके मायदेशाला मुकले. १९८२ मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये ‘प्लम व्हिलेज’ उभारले. तिथेही सावकाश खायला आणि श्वास पाहायला शिकवतात. पण सोबत पंचशील आजच्या भाषेत मांडलेले असते: काय विकत घेता, काय विकता, कोणाच्या श्रमावर जगता. कबाट-झिन यांच्या १९९० च्या प्रसिद्ध पुस्तकाला प्रास्ताविक याच भिक्खूंचे आहे. दोन वाटा एका पानावर भेटल्या होत्या. पुढे बाजाराने सोपी उचलली.

मराठी वाचकाला यात काही अनोळखी वाटू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंना धम्म दिला, तेव्हा सोबत पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की ती लागते, अशी मांडणी त्यांनी आपल्या ग्रंथात केली. दुःख माणसाच्या मनात असते, तसे माणसामाणसांतल्या व्यवहारातही असते, हे ज्यांनी भोगले त्यांना कोणी प्रयोगाने पटवावे लागले नाही.

सजगता टाकून द्यावी असा याचा अर्थ नाही. पाठदुखीने रात्र जागवणाऱ्याला, तिसऱ्यांदा नैराश्याच्या काठावर आलेल्याला ती जरूर मिळावी, आणि शिकवणारा नीट शिकलेला असावा. मात्र ज्या व्यवस्थापनाला कर्मचाऱ्यांसाठी ध्यानवर्ग भरवायचा आहे, त्याने आधी हजेरीपट आणि पगारपत्रक काढून सम्यक आजीविकेचा प्रश्न स्वतःला विचारावा. अमेरिकेतले बहुतेक बेदाणे कॅलिफोर्नियातल्या मळ्यांतून येतात. तिथे भर उन्हात द्राक्षे तोडणारे हात आहेत. दहा मिनिटे एक बेदाणा न्याहाळायचा, तर त्यात ते हातही दिसायला हवेत.