रोग कोंबडीचा, जोखीम मजुराची

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. भारतातील ही पहिली लागण. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या आणि शहरांनी चिकन वर्ज्य केले. भीती ताटाची होती; धोका मात्र शेडमध्ये होता.

लागण झालेल्या पक्ष्याच्या विष्ठेतून, लाळेतून व नाकातील स्रावातून विषाणू बाहेर पडतो. मेलेली कोंबडी उचलणारे, पिसे काढणारे, शेड झाडणारे यांच्या नाका-डोळ्यांवाटे तो शरीरात शिरतो. नीट शिजवलेल्या मांसात तो टिकत नाही. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ जणांना लागण होऊन ६ दगावले. २००३ पासून जगात नोंदलेल्या ९०० हून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे मृत्यू पावले. माणसाकडून माणसाकडे तो अद्याप सहज पसरत नाही. परंतु माणसाला होणारी प्रत्येक लागण विषाणूला तसे बदलण्याची संधी देते. म्हणूनच शेडमधील मजुराचे रक्षण हे अवघ्या समाजाचे रक्षण होय.

भरपाई मिळते ती पक्ष्यांच्या मालकाला. मजुराचा बुडालेला रोज तिच्या हिशेबात नसतो. कोंबड्या मरत असल्याचे कळवले तर आपलेच काम जाणार, हे ठाऊक असलेला मजूर तोंड कसे उघडील? हातमोजे, मुखपट्टी, वेळीच तपासणी आणि शेड बंद असतानाची मजुरी हा त्याचा हक्क मानला गेला पाहिजे. कार्यकर्त्यांनी ही मागणी पुढच्या साथीची वाट न पाहता आजच लावून धरावी.