अनुभवाचा दाखला

एखादी प्रेमकविता मनाला भिडली, की तहशील कचेरीतल्या कारकुनाने उत्पन्नाचा दाखला मागावा त्या थाटात कवीकडे अनुभवाचा दाखला मागण्याची जी रीत आपल्या रसिकांत व समीक्षकांतही रूढ झाली आहे, ती मला प्रथमपासून संशयास्पद वाटत आली आहे. हा नियम खरा मानला, तर 1296 साली ऐन एकविशीत आळंदीस समाधी घेणाऱ्या ज्ञानदेवांच्या नावावरील विरहिण्या दप्तरातून खारीजच कराव्या लागतील. इंदिरा संतांचे पती 1946 साली निवर्तले व 'शेला' 1951 साली निघाला, एवढ्या दोन नोंदींवर त्यांच्या कवितेचा निकाल लावणारे पुष्कळ भेटतात. परंतु ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या स्त्रिया त्या काळी गावोगाव होत्या आणि 'शेला' त्यांपैकी एकीनेच लिहिला, ह्याचा उलगडा ते करीत नाहीत.

अनुभव निरुपयोगी आहे, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. हवा असतो तो प्रेम ज्या घरात नांदते त्या घराचा अनुभव, आणि तो पाहुण्यालाही, फार काय, लहान मुलालाही येऊ शकतो. आमच्या आजोळी आजी-आजोबांत अबोला पडला, की ओसरी व माजघर यांमधले टपाल मी पोचवीत असे : "त्यांना म्हणावं, पाणी तापलंय", "तिला सांग, आज ताक नको." एकदा मी तापाने अंथरुणावर पडलो असता आजीने घरच्या मांजराला उद्देशून, पण ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात, पान वाढल्याची वर्दी दिली; आणि आजोबांनीही "येतो म्हणावं" असा जबाब मांजरामार्फतच धाडला.

'स्मृतिचित्रे' वाचताना मला ते मांजर हटकून आठवते. 1880 साली बालवयात बोहल्यावर चढलेल्या, 1895 साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कित्येक वर्षे त्याच्यापासून दूर राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याचा तापटपणा, विसराळूपणा, न सांगता घरातून निघून जाणे, हे सारे इतक्या तपशिलाने मांडले आहे, की प्रथमदर्शनी ती एक लांबलचक फिर्यादच वाटावी. आणि तरीही आपल्या कादंबऱ्यांतल्या चांदण्यात भिजणाऱ्या कित्येक जोडप्यांपेक्षा मला हे भांडकुदळ दांपत्य अधिक प्रेमिक वाटते. टिळक 1919 साली वारले; 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ह्या पुस्तकात बाईंचे त्यांच्याशी भांडण अद्याप चालूच आहे.