आई असताना अनाथ

जून संपत आला की वर्धा स्टेशनवर महाराष्ट्र एक्सप्रेसच्या वेळेला पत्र्याच्या पेट्या दिसू लागतात. कुलपाची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून पोराच्या गळ्यात. बाप शेतकरी, कर्जापायी आत्महत्या करून गेलेला. पुण्याकडची एखादी संस्था पोराला शिकवायला नेते. "दिवाळीले येतो तुले घ्याले," आई म्हणते. दिवाळी म्हणजे ऐन वेचणी. मजुरी किलोवर, चार दिवस पुण्याला जाऊन यायचं म्हणजे चार दिवसांचा कापूस दुसरीच्या ओटीत. ती येत नाही.

अशी 'थोड्या दिवसांची' ताटातूट किती लांबते, हे क्युबाच्या मुलांना विचारावं. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात चौदा हजारांहून अधिक मुलांना पालकांनी एकटं मायामीच्या विमानात बसवलं. कास्त्रोचं सरकार मुलांवरचा आईबापांचा हक्कच काढून घेणार, अशी आवई उठली होती. तसा कायदा झालाच नाही. पालकांचा हिशेब काही महिन्यांचा होता. मग क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेच उभा राहिला, विमानं थांबली. अनेकांची भेट काही वर्षांनी झाली, काहींची कधीच नाही. कोणी अनाथालयात वाढलं, कोणी परक्या घरात. भेट झाली तेव्हा काहींची स्पॅनिशही अडखळत होती. पाठवण्याची कागदपत्रं चोख होती. परतीचा कागद मात्र कोणीच केला नव्हता.

आपल्याकडे आवई नाही, गरिबी आहे. पण कागदांची तऱ्हा तीच. २०१५ चा बालन्याय कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. बालसंगोपन योजनेत एकच पालक उरलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी आईने दाखले गोळा करत हेलपाटे घालायचे. सरकारची एक लाखाची मदत आत्महत्या 'पात्र' ठरली तरच. पोराला न्यायला मात्र गाडी दाराशी येते. शिवाय देणगीच्या पत्रकावर 'अनाथ' छापलं की पावतीपुस्तक लवकर संपतं. आई तिकडे निंदणाला गेलेली असते. संस्थाचालकांच्या हेतूवर मला शंका नाही. पण मुलाला जगवायचं तर आईपासून तोडावंच लागतं, ही समजूत रुळत चालली आहे. सोयाबीन सलग दोन वर्षं बुडालं तर पेट्या वाढतीलच.

हीच महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरच्या अलीकडे वळिवड्यावरून जाते. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. रशियातून इराणमार्गे आलेली, लुटली-नागवलेली. ज्यांचं कोणी उरलं नव्हतं त्यांच्यासाठी अनाथालय वेगळं. ज्यांना आई होती ती आईजवळ राहून छावणीतल्याच शाळेत शिकली. महायुद्धाच्या धामधुमीत, परक्यांसाठी एवढं जमलं.

निदान संस्थेच्या प्रवेशअर्जावर दोन रकाने तरी वाढवा: मूल घरी कधी येणार, आणि तिकिटाचे पैसे कोण देणार.