आईबापांच्या माघारी

छत्रपती संभाजीनगरातील चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली त्या काळात जालना, बीड, परभणीकडील खेड्यांतून जे तरुण कामाच्या शोधार्थ इकडे आले आणि कारखान्याच्या पाळ्या करीत मुकुंदवाडीच्या व चिकलठाण्याच्या गल्ल्यांतून दोन खोल्यांचे संसार थाटून राहिले, ते आज सेवानिवृत्त होऊन सत्तरी ओलांडीत आहेत. आणि त्यांच्यापैकी ज्यांच्या घरी बौद्धिकदृष्ट्या अक्षम असे अपत्य जन्मास आले, त्यांच्या मनाला उतारवयात एकच प्रश्न अहोरात्र पोखरीत असतो. ‘आमच्या माघारी ह्याचं कसं होणार?’ ज्याच्याविषयी हा प्रश्न असतो तो मुलगा आता चाळिशीला आलेला पुरुष आहे. त्याची दाढी अजून बाप करतो, त्याची फिटची गोळी आई दोन्ही वेळा आठवणीने देते, आणि त्या आईला आता जिन्याची चार पावले चढतानाही धाप लागते. भाऊ पुण्याला असतो, बहीण सासरी असते. दोघांच्याही मनात माया असते, पण घरात जागा असतेच असे नाही.

२०११ च्या जनगणनेने देशात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख नोंदविली. ह्या मंडळींसाठी महाराष्ट्रात शाळा निघाल्या, कार्यशाळा निघाल्या, काही अनुदानावर व बऱ्याचशा लोकवर्गणीवर चालल्या, आणि त्यांतून अनेकांना स्वतःचे स्वतः जेवणे, कपडे घालणे, पैसे ओळखणे एवढे तरी साधले. परंतु वयाच्या अठराव्या वर्षी हा सारा रस्ता एकदम संपतो. बालकांसंबंधीचा कायदा त्या दिवशी आपले छत्र आवरून घेतो. ज्यांना घर आहे ते घरी परततात आणि ज्यांना घरच नाही त्यांचे काय करावे ह्याची नीट तजवीज कोणत्याही खात्यापाशी नसते. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचे आडनाव देऊन वाढविणारे शंकरबाबा पापळकर अनेक वर्षे शासनाच्या दारी हीच मागणी घेऊन उभे आहेत, की अठरा वर्षे पुरी झाली म्हणून बेवारस दिव्यांगांना आश्रयस्थानाबाहेर काढू नये, त्यांच्या आजन्म निवासाचा कायदा करावा. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. पण ज्या मागणीसाठी त्यांनी आयुष्य झिजविले ती मागणी सन्मानपत्राच्या मागे झाकली जाऊ नये.

प्रौढांच्या निवासगृहांची ही जी टंचाई आहे, तिचा सर्वांत घातक परिणाम जागा न मिळण्यात नाही, तर जागा मिळाल्यानंतर पालकांची दातखीळ बसण्यात आहे. महिनोन्‌महिने खेटे घालून, कुणाची तरी चिठ्ठी नेऊन, अनामत रक्कम भरून ज्याने आपल्या मुलाला कोठे तरी टेकविले, तो बाप पुढच्या भेटीत मुलाच्या दंडावर वळ दिसला तरी ‘पडला असेल’ अशी स्वतःची समजूत घालून परत येतो; कारण तक्रार केली तर ‘घेऊन जा’ असे उत्तर मिळेल आणि घेऊन जाण्यासारखे घर आता उरलेले नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. ज्याला हूं की चूं करता येत नाही त्याच्या वतीने बोलणारा एकमेव माणूसही अशा रीतीने मुका होतो.

मग अशा ठिकाणी काय घडते ते महाराष्ट्राने वेळोवेळी पाहिले आहे. १९९४ साली शिरूरच्या वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता ह्या मुलींना राखता येत नाही, असे कारण त्यावेळी सांगण्यात आले, आणि महिला संघटनांनी गदारोळ केला म्हणूनच हा प्रकार लोकांपुढे आला. ते वसतिगृह खुद्द शासनाचे होते. पाळीच्या चार दिवसांत शेजारी बसून एकेकीला धीराने शिकविणारी बाई नेमण्याऐवजी मुलीच्या देहातला अवयवच काढून टाकावा, ही कल्पना सुशिक्षित आणि सज्जन माणसांनाही त्या वेळी सयुक्तिक वाटली, हे मला त्या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य वाटते. पुढे २०१० साली ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील बालगृहातील हलाखी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन समिती नेमली, आणि ती समिती गृहागृहांतून हिंडू लागल्यावर पनवेलजवळच्या कळंबोलीतील एका संस्थेतील मुलींवरचे अत्याचार उजेडात येऊन २०१३ साली संस्थाचालकासह आरोपींना शिक्षा झाल्या. आणि अगदी आपल्या उंबरठ्यापाशी, चिकलठाण्याहून फार लांब नसलेल्या मांडकीच्या निवासी विद्यालयात मुलांना होणाऱ्या मारहाणीची चित्रफीत २०२५ साली बाहेर आली, तेव्हा शहर हळहळले, गुन्हा नोंदला गेला, आणि चार दिवसांनी बातमी मागे पडली.

ह्या साऱ्या प्रकरणांत वाच्यता झाली ती बाहेरच्या कुणाचा तरी पाय किंवा नजर आत पडली तेव्हा. नेहमीच्या सरकारी तपासणीस हे का दिसले नसावे, ह्याचे उत्तर तपासणी कशाची होते ह्यात आहे. इमारतीचा भाडेकरार, खाटांची संख्या, हजेरीपट, धान्याचा साठा, अग्निशामक नळकांडे, ह्या गोष्टी पाहण्यासारख्या आहेत हे मी नाकारीत नाही. पण त्या पाहून झाल्यावरही त्या गृहात राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो ह्याविषयी तपासनीस संपूर्ण अनभिज्ञच राहतो.

अशा गृहांत गेलो की मी प्रथम धुतलेले कपडे कोठे ठेवतात ते पाहतो. पुष्कळ ठिकाणी दोरीवरून उतरविलेले सर्व कपडे एका खोलीत ढिगाने पडलेले असतात, आणि सकाळी अंघोळीनंतर ज्याच्या अंगाला जे येईल ते चढविले जाते. काल एकाच्या अंगात असलेला सदरा आज दुसऱ्याच्या अंगात, नाडी गेलेला पायजमा मुठीत धरून तिसरा चालतो आहे. आईने दिवाळीला पाठविलेला निळा सदरा दुसऱ्या आठवड्यात त्या ढिगात मिसळून जातो, आणि ज्याचा तो होता तो माणूस सदऱ्याकडे बोट दाखवीत दिवसभर अस्वस्थ फिरतो; मग ‘आज हा फार त्रास देतोय’ अशी नोंद होते. खाटेशेजारी एक छोटे कपाट, त्याच्यावर त्या माणसाचा फोटो किंवा त्याला ओळखू येईल असे एखादे चित्र, आत त्याचेच कपडे, त्याचाच कंगवा, त्याचाच टॉवेल, एवढी व्यवस्था ज्या गृहात आहे त्या गृहात बाकीच्या गोष्टीही बहुधा ठीक असतात असा माझा अनुभव आहे, आणि ह्या व्यवस्थेला येणारा खर्च अगदी किरकोळ असतो.

दुसरी गोष्ट दुखण्याची. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याची दाढ दुखते तेव्हा तो आपल्याच गालात थापडा मारतो. त्याचे पोट चार दिवस साफ झालेले नसते तेव्हा तो ताट भिरकावतो. कान फुटलेला असतो तेव्हा भिंतीवर डोके आपटतो. माहीतगार माणूस अशा वेळी प्रथम तोंड उघडून दात पाहील, पोट चाचपील, औषध बदलले आहे काय ते विचारील. अज्ञानी किंवा थकलेला माणूस त्याला दमदाटी करील, बांधून ठेवील, किंवा झोपेचे औषध वाढवून आणील. गुंगी आलेला माणूस संध्याकाळी शांत पडलेला दिसतो आणि तपासणीच्या दिवशी शांतता ही शिस्तीची खूण समजली जाते.

पण माहीतगार माणूस मिळावा कोठून? निवासगृहांत ज्यांना मावशी आणि दादा म्हणतात, त्या काळजीवाहकांवर सारा डोलारा उभा असतो, आणि त्यांनाच सर्वांत तुटपुंजे वेतन, सर्वांत लांब पाळी आणि शून्य प्रशिक्षण असते. रात्री वीस-पंचवीस प्रौढांच्या मागे एकटी मावशी, त्यांतल्या दोघांना फेफरे, एकाला अंथरुणात होते, एक उठून फाटकाकडे पळतो. अशा स्थितीत तिचा हात कधीच सुटू नये ही अपेक्षा करण्याआधी तिच्याजवळ दुसरे माणूस उभे करण्याचे कर्तव्य आपण पार पाडले आहे काय? मारहाणीचा गुन्हा मारणाऱ्याचाच असतो आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. तथापि चारसहा महिन्यांत नोकर बदलणाऱ्या आणि किमान वेतनही पुरते न देणाऱ्या गृहात गुणवत्ता मागणे म्हणजे पाया न भरता माडी मागणे होय. कोणत्याही गृहाविषयी पालकाने विचारण्याचा पहिला प्रश्न माझ्या मते हाच असावा, की येथे सर्वांत जुनी मावशी किती वर्षांपासून कामाला आहे.

स्वीडनमधील बेंग्ट निर्ये ह्या विचारवंताने १९६९ साली एक साधा सिद्धांत मांडला. इतर माणसांच्या दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला जी लय असते तीच लय बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांनाही लाभावी: एका ठिकाणी राहावे, कामाला दुसऱ्या ठिकाणी जावे, विरंगुळा तिसरीकडे मिळावा, आणि प्रौढाला प्रौढासारखे वागविले जावे. आपल्याकडे हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी मुळशी तालुक्यातील कोळवणच्या साधना व्हिलेजकडे पाहावे. तेथे प्रौढ व्यक्ती गृहमातांसह लहान लहान कुटुंबांसारख्या राहतात, आपापल्या शक्तीप्रमाणे कामे करतात, आणि आसपासची गावे त्यांना परकी नाहीत. बदलापूरचे ‘आधार’ पालकांनीच एकत्र येऊन उभारले. डोंबिवलीजवळ खोणीचे ‘घरकुल’ अमेय पालक संघटनेने उभारले. ह्या संस्थांतही उणिवा असतील, आणि त्यांचा खर्च पेलणारी कुटुंबे बहुतांशी मध्यमवर्गीय आहेत ही मोठी मर्यादाही आहे. पण ज्या गृहांचा कारभार पालक स्वतः पाहतात तेथे दार उघडे राहते. इतरत्र पालकाला महिन्यातून एकदा कार्यालयात बसवून मूल बाहेर आणून दाखवितात. येथे तो सरळ स्वयंपाकघरापर्यंत जातो.

कायद्याची वाण नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती नेमली, तिच्यावर नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असावी असे ठरविले, आणि पालकत्व देण्याचा अधिकार तिला दिला. अपंग व्यक्तीने आपल्या समाजाच्या जितके जवळ राहता येईल तितके जवळ राहावे, हा त्या अधिनियमाचा उद्देशच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ५ नुसार दिव्यांगाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि कोणत्याही विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. कलम ७ नुसार छळाची खबर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यास देऊ शकतो. कलम ५० नुसार नोंदणीवाचून संस्था चालविता येत नाही. राज्याने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही स्थापन केला. पण स्थानिक स्तर समितीचे काम बहुतेक पालकांना पालकत्वाच्या दाखल्यापुरतेच ठाऊक असते, आणि तो दाखलाही बँक मागते म्हणून काढला जातो.

म्हणूनच माझी मागणी चिकलठाण्यापुरती आणि अगदी नेमकी आहे. नवे निवासगृह मंजूर करावयाचे असेल तर ते शहराबाहेरच्या माळावर कुंपणाआड नको. ते ह्याच वस्तीत, आठ-दहा जणांचे, भाड्याच्या साध्या घरात असावे. जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला लोक मिनी घाटी म्हणतात, ते येथे आहे. तेथे दाताची आणि फेफऱ्याची तपासणी ठरल्या दिवशी होऊ शकते. कारखाने येथे आहेत. खोकी जुळविणे, मोजून पिशव्या भरणे, अशी कामे गृहाच्या कार्यशाळेला देऊन त्यांचा मोबदला काम करणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात टाकण्यास कोणाचीही आडकाठी असू नये. कंपन्यांचा सामाजिक निधी इमारतीच्या कोनशिलेवर खर्च होण्यापेक्षा दुसऱ्या रात्रपाळीच्या मावशीच्या पगारावर पाच वर्षे खर्च व्हावा. आईबाप चालत किंवा रिक्षाने भेटीला येऊ शकतील, बाजारच्या दिवशी भाजीवाल्या त्या मंडळींना नावानिशी ओळखू लागतील, आणि एखादा चार दिवस दिसला नाही तर कोणी तरी विचारील.

शेजारी हरकत घेतील ही भीती खोटी नाही. ‘आमच्या गल्लीत नको’ असे म्हणणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांनी अशा माणसांना कधी जवळून पाहिलेले नसते, आणि आपण ती त्यांच्या दृष्टीआड ठेवली म्हणूनच पाहिलेले नसते. त्यांच्याशी बैठक घ्यावी लागेल, दोनदा घ्यावी लागेल, आणि ती नगरसेवकाने किंवा पोलीस निरीक्षकाने घेण्यापेक्षा त्या गल्लीतच राहणाऱ्या एखाद्या आईने घेतलेली बरी.

राहता राहिली देखरेख. स्थानिक स्तर समितीने जिल्ह्यातील प्रत्येक निवासगृहास वर्षातून निदान दोनदा, त्यांतून एकदा रात्री, पूर्वसूचनेवाचून भेट द्यावी. सोबत दुसऱ्या गृहातील एक पालक असावा, कारण आपल्याच गृहाविरुद्ध बोलण्याची त्याची अडचण तेथे उरत नाही. त्यांनी कपाटे उघडावीत, ताटात काय आहे ते पाहावे, गोळ्यांची नोंदवही वाचावी, ज्यांना बोलता येते त्यांच्याशी कर्मचाऱ्यांच्या माघारी बोलावे, आणि आपला अहवाल मराठीत, एका पानात, त्या गृहाच्या दर्शनी भिंतीवर पुढच्या भेटीपर्यंत लावून ठेवावा. जिल्हाधिकारी कार्यालयाने येत्या तिमाहीतच ह्या भेटींचा हुकूम काढावा. त्यास ना नव्या कायद्याची गरज आहे ना मोठ्या तरतुदीची.