आमच्या कवीनं परदेशी का जाऊ नये?



मराठी साहित्याला एक जुनी खोड आहे. लेखक परदेशी जातो, चार शहरं बघतो, नदीकाठच्या बाकावर बसतो, म्युझियमच्या पायऱ्या चढतो आणि परत आल्यावर सांगतो की तिथं मला प्रेरणा मिळाली. मग त्या प्रेरणेचं पुस्तक निघतं. १९६० साली पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' आलं, ते आजही खपतंय. मी पण वाचलंय आणि हसलोय पण. पु.लं.शी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यामागून उगवलेल्या पिकाशी. आता तर रविवारच्या पुरवणीत सल्लाच मिळतो : सुट्टी काढा, परदेशातल्या एखाद्या शहरात चार दिवस रिकामे भटका, प्रतिभेला पालवी फुटते.

सुट्टी काढा म्हणे. सूतगिरणीत एक खाडा झाला की पगार कापला. आम्ही काढलेल्या सुताचा टॉवेल होतो. सोलापूरचा टॉवेल बोटीत बसून परदेशी जातो, तिथल्या हॉटेलात कुणाचं तरी अंग पुसतो. टॉवेलला समुद्र ओलांडता येतो. ज्याच्या छातीत त्या सुताची धूळ बसली तो स्टेशनवर गाडी बघत उभा.

पण या पुरवणीवाल्यांना उत्तर देणं सोपं आहे. मला बोलायचंय ते आपल्यातल्याच काही जणांशी. आपल्या बैठकीत कुणी म्हणालं की मला एकदा लंडन बघायचंय, तर लगेच चारजण उठतात. 'परदेश ही चैन आहे. दलित कवीचं काम वस्तीत. तिकडं गेला की बिघडला.' हे बोलणारा माझा भाऊ आहे, म्हणूनच त्याच्याशी जरा जोरात भांडायचंय.

भावा, आधी हे सांग, आपल्याला जागेवर खिळवून कुणी ठेवलं? गावकुसाबाहेर कुणी बसवलं? कुठल्या रस्त्यानं चालायचं, कुठल्या वेळी चालायचं, सावली कुठं पडली तर चालेल, हे ठरवलं कुणी? लांब कशाला जातोस, आपल्या सोलापुरात ये. इथं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची सेटलमेंट होती. तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी. त्या कुंपणातली माणसं इथल्या गिरण्यांत राबली. १८७१ च्या कायद्यानं त्यांच्या कपाळावर शिक्का मारला. तो पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं. ज्याच्या आज्याला नाक्यापर्यंत जायला पास लागत होता, त्याच्या नातवानं समुद्र ओलांडायचं म्हटलं तर ती चैन? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवलं, त्यांचं फिरणं हे बंडच असतं.

आणि सुट्टीच्या प्रवासाचंच म्हणत असाल तर आपल्या साहित्यात त्याचं पहिलं वर्णन कुणाचं? बाबासाहेबांचं. १९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्याहून घरातली पोरं बापाला भेटायला निघाली. नवे कपडे, चकचकीत टोप्या, पायात नवे बूट. पोरांना कोण आनंद! मसूर स्टेशनवर उतरली. पत्र पोचलं नव्हतं, म्हणून न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. कुणाची पोरं म्हणून विचारलं, पोरांनी महार म्हणून सांगितलं, आणि मास्तरचा चेहरा फिरला. भाड्याला गाडीवान मिळेना. शेवटी एकजण तयार झाला, दुप्पट भाड्यावर. तो पायी चालणार आणि गाडी पोरांनीच हाकायची. बाट नको ना त्याला! डब्यात जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. दहा वर्षांच्या भिवाला त्या प्रवासानं जे दिलं, ते जन्मभर पुरलं. एका बाजूला बोटीच्या डेकवरचं चांदणं आणि दुसऱ्या बाजूला मसूरच्या वाटेवरची कोरडी जीभ. ठेवा दोन्ही शेजारी शेजारी, आणि मग मला सांगा 'प्रवासातली प्रेरणा' म्हणजे काय.

हाच भिवा १९१३ साली न्यूयॉर्कला उतरला. कोलंबिया विद्यापीठ. वय बावीस. तिथं पाणी पिताना कुणी जात विचारली नाही. बाकावर कुणाशेजारी बसला म्हणून कुणी उठलं नाही. आणि त्या शहरात बसून त्यांनी लिहिलं कशावर? गगनचुंबी इमारतींवर? नाही. ९ मे १९१६ रोजी तिथल्या एका चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला, तो भारतातल्या जातींवर. जात कशी जन्मली, कशी पसरली, बाईला बंदीत घालून ती कशी टिकवली, हे त्यांनी समुद्रापलीकडून बघितलं. खाणीत काम करणाऱ्याला डोंगर दिसत नाही. तो दिसायला मैलभर लांब जावं लागतं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. परदेशातलं शहर आपल्याला देतं ते देखावे नव्हेत. देखावे पिक्चर पोस्टकार्डावर पण मिळतात. ते शहर देतं अंतर. अनोळखी रस्त्यावरून कुणाचा कोण हे न सांगता चालायला मिळणं, ही गोष्ट वरच्या जातीच्या लेखकाला कळायचीच नाही, कारण त्याला ती मिळवावीच लागली नाही. तो घरी पण माणूस, तिकडं पण माणूस. त्याला फरक पडतो तो फक्त हवेत आणि कॉफीत. आपल्या माणसाला फरक पडतो तो पाठीच्या कण्यात.

आणि परत आल्यावर? १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे भानच पुसून गेलं होतं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. बडोद्यात राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात. एवढा शिकलेला माणूस सामान घेऊन रस्त्यावर. या सगळ्या हकिगती त्यांनी ज्या लिखाणात नोंदवल्या त्याचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. नाव नीट वाचा. न्यूयॉर्क आणि लंडन बघून आलेला माणूस व्हिसाची वाट बघतोय, ती आपल्याच देशात शिरायला! परदेश बघितला नसता, तर हे नाव सुचलं असतं का?

आता अण्णाभाऊंकडे या. वाटेगावहून पायी मुंबईला आलेला पोरगा. शाळा जवळजवळ नाहीच. गिरणीत राबला, झोपडपट्टीत राहिला. १९४३ साली त्यानं 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला, तेव्हा त्यानं रशिया बघितला होता का? नाही. मुंबईच्या कामगारवस्तीत बसून त्यानं व्होल्गेच्या काठावरची लढाई डफावर आणली. त्याचा रशियाचा प्रवास झाला १९६१ साली. पोवाडा आधी, प्रवास अठरा वर्षांनी! सदाशिवपेठी शहाणे सांगतात की आधी शहर बघा, मग प्रेरणा येईल. अण्णाभाऊंची प्रेरणा आधी गेली, मागून शरीर गेलं. आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिताना 'फकिरा' लिहिणारा हात बदलला नव्हता.

२०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसवला. मंत्री गेले, फोटो निघाले. चांगलं झालं. पण आज चिरागनगरातल्या एखाद्या शाहिराला मॉस्को बघायची असेल तर तिकीट कोण काढणार? पुतळ्याला विमान, माणसाला फुटपाथ. हा हिशेब आपण विचारायचा का नाही?

तू म्हणशील, मग जायचं कशाला? घरबसल्या पण प्रेरणा येते की. येते ना. जोतिबांनी अमेरिका बघितली नाही, तरी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना. १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून ड्यू बॉयस यांच्याकडे निग्रो जनतेच्या युनोपुढच्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ साली मुंबईच्या पोरांनी ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून आपलं नाव घेतलं, ते बातम्या वाचून. विचाराला तिकीट लागत नाही हे मला पण मान्य. पण विचाराला तिकीट लागत नाही म्हणून माणसाला घरीच बसवायचं, हा न्याय आपल्यालाच का? इथलेच द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तिथंच गेले. सोलापूरला त्यांचा अभिमान आहे, मला पण आहे. 'सोलापूरच्या माणसाचं तिकडं काय काम', असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणतं का? मग आपल्या पोराला का म्हणता?

आणि बिघडण्याचं म्हणाल, तर बिघडायला परदेश लागत नाय. मंत्रालयापर्यंत जायला एस.टी. पुरते.

तुम्ही ज्याला चैन म्हणता त्या अंतराची किंमत सरकारला बरोबर कळली आहे. २०२२ साली केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचे नियम बदलले. ही शिष्यवृत्ती कुणासाठी? अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या पोरांसाठी. आणि त्यात अट घातली की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास, असले विषय घेऊन जाल तर पैसे मिळणार नाहीत. म्हणजे यंत्र शिका, हिशेब शिका, पण तिथं उभं राहून मागं वळून आपल्या घराकडं बघू नका. हा नियम १९१६ साली असता, आणि बाबासाहेब त्या पैशावर गेले असते, तर जातीवरचा तो निबंध नियमात बसला नसता! शत्रूला आपल्या प्रवासाचा अर्थ कळतो आणि आपल्यालाच कळत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

पण जाताना डोळे उघडे ठेवून जा. 'तिकडं जातबित काही नाही' असं परत येऊन सांगणारे पुष्कळ भेटतील. खोटं आहे. जात पण विमानानं जाते, आणि तिच्या सामानाला वजनाची मर्यादा नसते. अमेरिकेतल्या सिॲटल शहराला २०२३ च्या फेब्रुवारीत जातीच्या भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला. कशामुळे? तिथले गोरे जात पाळत होते म्हणून? नाही, आपल्याकडून गेलेले साहेब पाळत होते म्हणून. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसलंच विधेयक सभागृहानं पास केलं आणि ऑक्टोबरात गव्हर्नरनं नाकारलं. तेव्हा लंडनला जाल तर १०, किंग हेन्रीज रोडला जरूर जा. तिथं १९२१-२२ साली बाबासाहेब राहिले, २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. पण तिथं हार घालून, फोटो काढून परत फिरू नका. पहाटे पाचला त्या शहराचा रस्ता कोण झाडतो ते बघा. हॉटेलातली चादर कोण बदलतो, त्याचा रंग कोणता, तो कुठल्या देशातून आला, ते विचारा. दोन शब्द बोला. तिथून कविता सुरू होते.

आणि कुणी बर्फावर कविता लिहिली तर? लिहू द्या! आपल्या कवीनं प्रत्येक वेळी जखमच दाखवली पाहिजे, ही मागणी पण त्याच पुरवणीवाल्यांची आहे. त्यांना आपल्याकडून फक्त रक्त पाहिजे असतं, चांदणं त्यांनी स्वतःकडे ठेवलंय. चांदणं पण घ्या.

आता काम सांगतो. प्रत्येक कार्यकर्त्यानं आधी पासपोर्ट काढावा. ज्यांच्या अंगावर मोर्च्याच्या केसेस आहेत त्यांना कोर्टाची परवानगी लागते. आपले वकील दोस्त कशाला आहेत, त्यांनी हे काम फुकट उचलावं. दुसरं, जयंतीच्या वर्गणीतला डॉल्बीचा खर्च एका वर्षी थांबवा. एका रात्रीच्या त्या दणदणाटात भिंती हादरतात, व्यवस्था हादरत नाही. सगळ्या मंडळांनी तो पैसा एकत्र केला तर एका कवीचं, नाहीतर एका शाहिरीण बाईचं तिकीट निघतं. बाईचं आधी काढा, तिला तर गल्ली ओलांडायला पण विचारावं लागतं. तिसरं, ती परत आली की तिचा पहिला कार्यक्रम पुण्या-मुंबईच्या हॉलमध्ये नको. आपल्या विहारात, सतरंजीवर, गिरणीची पाळी सुटल्यावर. काय बघितलं ते तिनं सांगायचं आणि म्हाताऱ्या बायांनी प्रश्न विचारायचे.

ज्या मंडळाला हे पटत नसेल त्यानं याच पानावर उत्तर लिहावं. ज्याला पटत असेल त्यानं वर्गणीची पावती फाडायला सुरुवात करावी.