राजा गेला, राजेशाही गेली का?

गेल्या आठवड्यात राणीसावरगावला आमच्या घरी जेवताना नववीतल्या पुतण्याने विचारले, "काका, फ्रान्सच्या लोकांनी राजाचं मुंडकं उडवलं. मग आपल्याकडं निजामाला का सोडलं?" आम्ही पडलो कारकून. हिशेब मांडल्याशिवाय उत्तर देणे जमत नाही.

आधी तिकडचा हिशेब. १७८९ साली फ्रान्सचा खजिना रिकामा, पाव महाग आणि कराचे ओझे गरिबांवर. १४ जुलैला लोकांनी बास्तिलचा तुरुंग घेतला. सोळावा लुई तरीही गादीवर होता. जून १७९१ मध्ये तो वेष पालटून पळाला आणि वाटेत पकडला गेला. लोकांचा उरलासुरला विश्वास उडाला. सप्टेंबर १७९२ मध्ये राजेशाही रद्द झाली, पुढे खटला चालला आणि २१ जानेवारी १७९३ रोजी पॅरिसच्या भर चौकात त्याचा शिरच्छेद झाला.

त्या सभागृहात थॉमस पेनही होते. ज्यांचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ जोतीराव फुल्यांनी वाचला, तेच हे पेन. राजेशाहीचे ते हाडवैरी. पण राजाला मारू नका, अमेरिकेला हद्दपार करा, असे त्यांचे म्हणणे. कोणी ऐकले नाही. उलट वर्ष सरायच्या आत तेच तुरुंगात गेले. १८०४ मध्ये नेपोलियन सम्राट झाला आणि १८१४ मध्ये लुईचाच भाऊ गादीवर आला. मुंडके उडाले, गादी राहिली.

आता आपला हिशेब. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण परभणी जिल्हा निजामाच्या राज्यातच होता. मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर, आणि कासिम रझवीच्या रझाकारांची दहशत. निजामाची बाजू घेऊ नका, असे बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच आपल्या लोकांना बजावले होते. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला. त्याला फाशी नाही की तुरुंग नाही. उलट तो १९५० ते १९५६ राजप्रमुख होता, तनखाही मिळाला. १९६७ मध्ये तो म्हातारपणाने वारला. मात्र पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यासह त्या संस्थानात हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. राजा वाचला, रयत मेली. हेही आम्ही पोरांना सांगितलेच पाहिजे.

मग निजामाचे राजेपण कशाने गेले? २६ जानेवारी १९५० च्या संविधानाने. निजामाला एक मत आणि आमच्या निरक्षर आजोबांनाही एकच मत. तलवारीने जे साधले नसते, ते या एका मताने साधले.

तरी हिशेब मिटत नाही. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरे जळाली. तेव्हा निजामाला जाऊन अकरा वर्षे झाली होती. वरचा राजा गेला होता, गावोगावचे राजे शाबूत होते. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

आणि आपण? राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले. आज आपल्याच सभांत पुढाऱ्याच्या पाया पडायला रांग लागते. राजे आपणच घडवतो, बंधू-भगिनींनो.

आम्ही हे सारे सांगून पाण्याचा तांब्या मागितला. पुतण्या म्हणाला, "काका, आई अजून जेवली नाही. सगळ्यांचं झाल्यावर जेवते. हा कोणता राजा?"

वहिनी पदराआड हसल्या. आम्ही उठलो, तांब्या स्वतः भरून घेतला आणि वहिनींचे ताट वाढले. त्या दिवसापासून आमच्या घरी सगळे एकाच पंगतीला बसतात. तुमच्या घरी कोण शेवटी जेवते, ते एकदा पाहा.

जयभीम.